कोरे बूट

आमच्या सासूबाईंनी मरणाची तयारी माझ्या लग्नाच्या तयारीपेक्षा नीट केली होती. कपाटाच्या खालच्या खणात काळे कोरे बूट, निळी शाल आणि दफनविधीला म्हणायच्या तीन गीतांची यादी. यादी दर आठवड्याला बदलायची, बूट मात्र तेच. "प्रभूसमोर काय झिजलेल्या चपला फटफटवत जाऊ?" म्हणायच्या.

एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळाचा टेलिफोन बोर्ड सांभाळला. निवृत्त झाल्यावरही पायाला भिंगरी. मग खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पण त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. रोज सकाळी मोठ्यानं प्रार्थना : "प्रभू, माझं काम संपलं. आता न्यायला ये." मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे. राग यायचा, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायची. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. माणूस असं ठरवून बसलं की खरंच जातं.

आता माझा पराक्रम ऐका. चर्चचं मासिक पत्रक मी टाइप करते. गेल्या महिन्यात एका चौकटीत 'गीतपुस्तकं परत करण्यासाठी संपर्क' म्हणून आमच्या घरचा नंबर होता. या महिन्यात त्याच चौकटीत आमच्या चर्चमधल्याच एका प्लंबरची जाहिरात टाकली. मजकूर बदलला, नंबर बदलायचा राहिला. तीनशे प्रती वाटून झाल्यावर लक्षात आलं. पाळकसाहेबांना सांगायला तोंड नव्हतं, म्हणून मूग गिळून गप्प बसले.

सोमवारी सकाळी फोन वाजला. तो सासूबाईंच्या हाताशीच असतो, त्यांनी उचलला. पलीकडची बाई इतकी ओरडत होती की मला दारातून ऐकू आलं. तिच्या स्वयंपाकघरात पाणीच पाणी झालं होतं.

सासूबाई ताठ बसल्या. "आधी रडणं थांबवा. सिंकखाली वाका. तिथं व्हॉल्व्ह असेल, तो उजवीकडे फिरवा. मी लाइनवर आहे." जरा वेळ गेला. "थांबलं? छान. आता पत्ता सांगा." फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "प्लंबरचा खरा नंबर काढ. आणि एक वही दे."

झालं! वहीत नाव, पत्ता, तक्रार, वेळ. काम प्लंबरला कळवायचं. संध्याकाळी प्रत्येकाला उलट फोन : "थांबलं का हो पाणी?" लोक नळाबरोबर बाकीचंही सांगायला लागले. सकाळच्या प्रार्थनेला वही उघडी. "प्रभू, तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचा गीझर, आणि त्यांच्या मुलीची परीक्षा." त्या गर्दीत 'न्यायला ये' मागे मागे सरकलं आणि एके दिवशी आलंच नाही. जेवण पूर्वीसारखं सुरू झालं, वर मीठ कमी म्हणून माझी खरडपट्टीही.

बघता बघता नवीन पत्रक छापायला द्यायची वेळ आली आणि मला घाम फुटला. नंबर दुरुस्त केला तर फोन बंद होणार, आणि फोन बंद झाले की सासूबाई पुन्हा ते बूट घालायच्या दिवसाची वाट बघत बसणार. बरं, त्यांना वाटत होतं की हे काम प्रभूनं धाडलंय. घोळ माझा आहे, हे कुठल्या तोंडानं सांगू?

शनिवारी प्लंबरच दारात उभा. म्हटलं, आता आपली धडगत नाही. तो "वहिनी, पत्रकातला नंबर..." एवढंच म्हणाला आणि मी सासूबाईंकडे न बघता सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"मला पहिल्या दिवशीच कळलं," खुर्चीतून आवाज आला. "एकतीस वर्षं राँग नंबरच ओळखत आले मी."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"काय बोलू? मी मरण मागत होते, त्यानं काम दिलं. माझं ऐकलं नाही, हे मला फार आवडलं बघ. आणि त्याला तरी कुणाच्या ना कुणाच्या हातूनच करून घ्यावं लागतं. घरात वेंधळे हात तुझेच, ते उपयोगी पडले."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही कोसळलं. प्लंबर डोकं खाजवत म्हणाला, "मी सांगायला आलो होतो की नंबर बदलू नका. मी पोचतो तेव्हा पाणी बंद असतं आणि माणसं शिव्या देत नाहीत. फक्त एक आहे, मावशी. ते कोपऱ्यावरचे आजोबा. तीनदा बोलावलं, नळ ठणठणीत."

सासूबाईंनी वही उघडलीसुद्धा नाही. "त्यांची बायको गेलीय रे. उद्या चर्चला या म्हटलं, तर म्हणाले, एकट्यानं बाकावर बसवत नाही. मी म्हटलं, मी बसते शेजारी."

"तुम्ही?" मी ओरडलेच. चौदा महिन्यांत त्या जिना उतरल्या नव्हत्या.

"शब्द दिलाय. तो खालचा खण उघड."

रविवारी आम्ही एकेक पायरी मोजत उतरलो. चर्चच्या मधल्या वाटेवर कोरे बूट असे करकरत होते की पाळकसाहेब वाचता वाचता थांबले. आजोबांनी सरकून जागा केली. त्या बसल्या आणि माझ्या कानाशी आल्या.

"टाच चावतेय गं."

"उद्या दुकानातून बदलून आणते."

"काही नको," सासूबाई म्हणाल्या. "चालून चालून होतील सैल."