त्याच झाडावरची खार

माझा थोरला भाऊ क्लोव्हिस वादळात गेला नाही. वादळ सरून तीन दिवस झाले होते, आकाश स्वच्छ होतं. त्याच्या अंगणातलं पेकनचं, अक्रोडासारखे दाणे देणारं झाड अर्धवट उन्मळून शेडवर रेललं होतं आणि ते कापायला आम्ही दोघं उभे होतो. करवतीचं मशीन त्याच्या हातात, खोडाला बांधलेला दोर माझ्या. खोडातला ताण अचानक सुटला, खोड उसळून त्याच्या छातीवर आलं. रस्ते अडलेले, त्यामुळे दवाखान्याची गाडी यायला दीड तास लागला. तशी घाई उरलीच नव्हती.

ओडील वहिनी चर्चच्या स्वयंपाकघरात गावासाठी भात रांधत होती. कुणीतरी तिला घेऊन आलं. ती गाडीत त्याच्याजवळ बसून गेली. मला कुणी काही काम सांगितलं नाही, म्हणून मी तोडलेल्या फांद्या ओढून एका बाजूला लावत राहिलो. त्यांत खारीचं एक घरटं निघालं. तीन पिल्लं होती, डोळे मिटलेली. दोन मेली होती. तिसरं हलत होतं, ते मी सदऱ्याच्या खिशात टाकलं. का टाकलं ते विचारू नका.

संध्याकाळी वहिनीकडे गेलो. ती टेबलापाशी बसली होती, अंगावर अजून ॲप्रन होता. मी खिशातून पिल्लू काढून तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते बराच वेळ पाहिलं. मग उठून ड्रॉपर शोधायला गेली.

पुढचे दोन महिने ती दर तीन तासांनी घड्याळ लावून त्याला बकरीचं दूध पाजत होती. दूध पाजून झालं की कोमट पाण्यात कापूस बुडवून त्याचं पोट पुसायची, त्याशिवाय पिल्लू लघवी करत नाही. हे सगळं ती भांडी घासावीत तसं करायची. रडताना मी तिला पाहिलं नाही. मीही रडलो नव्हतो. अंत्यविधीनंतरच्या जेवणाला आमचा चुलतभाऊ आल्सीद म्हणाला, "क्लोव्हिसच्या घरात खार, आणि ती पातेल्याच्या बाहेर?" सगळे हसले. क्लोव्हिससारखा खारींचा रस्सा आमच्याकडे कुणी करत नसे. वहिनीही हसली, म्हणजे दात दिसले.

पिल्लाची खार झाली. मादी होती. वहिनीनं तिला नाव ठेवलं नाही. घरभर फिरायची, वहिनीच्या अंबाड्यात दाणे लपवायची, क्लोव्हिसच्या बुटांत लपवायची. दाणे त्याच झाडाचे होते, गेल्या हंगामात क्लोव्हिसनं सोलून फ्रीझरमध्ये भरून ठेवलेले. खार दुसरं काही खायची नाही आणि वहिनीही तिला दुसरं काही द्यायची नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी गेलो, तर खार सोफ्याखाली पडून होती. पुढच्या पायांनी अंग ओढत बाहेर आली, मागचे दोन नुसते फरफटत होते.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

वहिनीनं आठवून पाहिलं. "चार-पाच दिवस असतील. दिसत होतं मला. पण लक्षात आलं नाही."

मी गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, नुसत्या पेकनवर खार जगत नाही, हाडांतला चुना संपतो. कॅल्शियमच्या गोळ्या कुटून द्या, भाजी द्या, आणि कुरतडायला हाड नाहीतर हरणाचं शिंग द्या. जगेल की नाही हे त्यानं सांगितलं नाही.

वहिनी खुर्चीवर चढली आणि टीव्हीच्या वरच्या भिंतीवरची शिंगं उतरवू लागली. दहा टोकांची शिंगं. ते हरीण क्लोव्हिसनं मारलं होतं आणि दलदलीतून दोन तास आम्ही दोघांनी खांद्यावर वाहून आणलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवल्याशिवाय तो कॉफी देत नसे.

"वहिनी, ती नको. मी दुसरी आणून देतो."

"दुसरी कधी आणशील?"

तिनं करवत मागितली. मी शेडमधून आणून दिली. टेबलावर शिंग धरून ती एक टोक कापू लागली आणि तो आवाज ऐकता ऐकता मी बोलून गेलो.

"वहिनी, ही खार त्याच झाडावरची आहे."

"ठाऊक आहे. अंगणात दुसरं पेकन होतं कुठे?"

"दोर माझ्या हातात होता."

करवत थांबली. "सोडलास का तू?"

"नाही."

"मग झालं तर. हे टोक घट्ट धर, हलतंय."

मी धरलं. टोक कापून झालं, तिनं ते खारीपुढे ठेवलं आणि चमच्याच्या पाठीनं गोळी कुटायला बसली. सहा महिने मी त्या दोन वाक्यांचं ओझं घेऊन हिंडत होतो. ती बोलून टाकल्यावर हलकं वाटेल असं धरून चाललो होतो. तसं काही वाटलं नाही. भूक मात्र लागली.

पहिले दोन दिवस खारीनं शिंगाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीनं फोन करून सांगितलं, कुरतडतेय. आठवड्यानं सांगितलं, उजवा पाय हलवतेय. फोनवर ती एवढंच बोलायची आणि ठेवून द्यायची. मीही "बरं" म्हणायचो. डावा पाय शेवटपर्यंत सुधारला नाही. खारीला रानात सोडता येणार नव्हतं, पण तसा विचार आमच्यातल्या कुणी बोलूनही दाखवला नाही.

एप्रिलमध्ये मी कोळंबीच्या बोटीवरून उतरत होतो तेव्हा वहिनीचा फोन आला. "पडद्यावर चढली," ती म्हणाली. मी बरं म्हणालो. मग जाळी तशीच टाकून गाडी काढली.

खार पडद्याच्या मध्यावर लटकली होती. पडली. लंगडत परत पडद्याखाली आली आणि पुन्हा चढू लागली. वहिनी दाराशी उभी होती, मी तिच्या मागे. किती वेळ उभे होतो कुणास ठाऊक. मग वहिनी म्हणाली, भात झालाय, हात धू. आम्ही जेवायला बसलो.