चादरीखालची पिशवी

"अहो, पण त्या पोचणार कधी? यांचं पोट दगडासारखं झालंय!" काकू फोनमध्ये जवळजवळ ओरडल्याच.

"सिस्टर निघाल्यात, काकू. आधीच्या पेशंटकडून थेट तुमच्याकडेच येतायत. खूपच वाढलं तर मात्र गाडी बोलवा, थांबू नका," सिस्टर पाठवणाऱ्या संस्थेतली मुलगी म्हणाली.

गाडी हा शब्द पलंगापर्यंत पोचला. "दवाखान्यात नाही जायचं," मास्तर दात आवळून म्हणाले. "शब्द दिलायस तू."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. कुणी गिऱ्हाईक चुरगळलेल्या कॉलरने दुकानाबाहेर पडलं, तर त्यांना आपलंच नाक कापल्यासारखं वाटायचं. अर्धांगाच्या झटक्याने एक बाजू लुळी पडली तेव्हा दवाखान्यात त्यांना पाठीकडून उघडा झगा घालून कॉरिडॉरमधल्या स्ट्रेचरवर ठेवलं होतं. लोकांना नीट झाकण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस तिथे भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. घरी आल्यावर काकूंनी शब्द दिला होता. तेव्हापासून लघवीची नळी होती, पलंगाच्या कडेला लटकणारी पिशवी होती आणि नळी बदलायला घरी येणाऱ्या सिस्टर होत्या.

आज घोळ झाला तो व्याह्यांमुळे. म्हणजे होणाऱ्या व्याह्यांमुळे. लेकीचं जमत आलं होतं आणि ते मास्तरांना भेटायला येणार होते. त्यांच्यासमोर ती पिशवी काय लटकत ठेवायची? काकूंनी ती उचलून मास्तरांच्या कुशीत ठेवली, नळी दुमडून गादीखाली खोचली आणि वर कडक इस्त्रीची चादर ओढली. पाच मिनिटांसाठी म्हणून आलेले व्याही गप्पांना बसले ते बसलेच. मास्तरांच्या कपाळावर घाम साचत होता आणि ते हसून मान डोलावत होते. पाहुणे गेल्या गेल्या काकूंनी पिशवी खाली सोडली. पण तिच्यात थेंबही उतरला नाही.

दार वाजलं. सिस्टर आल्या त्या चपला काढता काढताच बोलायला लागल्या. "कधीपासून बंद आहे?"

"आत्ताच... म्हणजे दुपारपासून."

सिस्टरनी हात धुतले, हातमोजे चढवले, ओटीपोट चाचपलं. मास्तर कळवळले. ताप नव्हता. मग त्यांनी नळीतून सलाईनचं पाणी आत सोडून पाहिलं. पाणी जाईना.

"काकू, काय झालं होतं?"

"काही नाही. आपोआपच बंद पडलं."

"सकाळपर्यंत छान चालणारी नळी आपोआप बंद पडली?"

"हो."

काकूंच्या डोक्यात एकच होतं. खरं सांगितलं तर ही बाई म्हणेल, तुम्हाला घरी जमत नाही, यांना भरती करा. मग दिलेल्या शब्दाचं काय? त्या पदराचं टोक पिळत उभ्या राहिल्या.

सिस्टरनी मोजे उतरवले. "मग मी गाडी बोलावते."

"का हो?"

"नळीला कुठे हिसका बसला असेल तर आत जखम झालेली असते. मग मी इथे नवी घालणार नाही. आणि काय झालं ते तुम्ही सांगत नाही. मी अंधारात हात घालू का?" त्यांनी फोन काढला.

मास्तरांनी चांगल्या हाताने पलंगाचा दांडा धरला. "सिस्टर, माझंच चुकलं. मी तिला सांगितलं, पिशवी लपव म्हणून."

हे धडधडीत खोटं होतं. आणि ते ऐकून काकूंना भडभडून आलं.

"यांनी नाही हो, मीच! पाहुणे यायचे होते, मला लाज वाटली. पिशवी वर ठेवली, नळी दुमडली, गादीखाली खोचली. ओढली मात्र नाही. लेकीची शपथ, जराही हिसका बसला नाही."

सिस्टरनी फोन खाली ठेवला. "हे आधी सांगायला काय झालं होतं? तुंबलेली लघवी, त्यात गाळ बसला. बदलून बघू. नाही उतरली तर मात्र गाडी."

जुनी नळी निघाली. नवी आत जाताना मास्तर छताकडे बघत राहिले आणि काकू त्यांच्याकडे. मग पारदर्शक नळीतून पिवळी रेघ सरकत आली आणि पिशवीत धार पडायला लागली. मास्तरांनी डोळे मिटले. काकू मात्र तिथेच खाली बसल्या आणि रडल्या.

"घरी जमत नाही असं मी म्हटलं का कधी?" सिस्टर सामान आवरत म्हणाल्या. "पिशवी नेहमी पोटाच्या खाली. राजा आला तरी."

त्या हात धूत होत्या तेवढ्यात दारात व्याही उभे. "माफ करा हं, चष्मा विसरलो वाटतं."

काकूंचा हात सवयीने चादरीकडे गेला. मास्तर बघत होते. पिशवी अर्धी भरून पलंगाच्या कडेला उघडी लटकत होती.

काकूंनी चादर सोडली. खुर्ची ओढून पलंगाजवळ ठेवली.

"या, बसा ना," त्या म्हणाल्या. "फक्त पाय जरा जपून. यांची पिशवी आहे तिथे."