प्रयोगाचे बैल

योगिनी मॅडम आमच्या विभागप्रमुख. माझ्यापेक्षा वयानं लहान आणि उत्साह उतू जाणारा. कृषी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्राध्यापकाच्या नावापुढं संशोधनाचा विषय असतो. माझ्या नावापुढं ‘बैलांची ओढशक्ती’ असं होतं.

“सर, आता हे शोभत नाही हो. ड्रोन टाकू का?”

“टाका,” म्हणालो. भांडायचाही कंटाळा आला होता. उन्हाळ्यात निवृत्तच व्हायचं होतं.

विषय गेला, तसे बैलही गेले. हौश्या आणि गुलब्या ही विभागाची लालकंधारी जोडी लिलावात ताडकळसच्या मुंजाजीनं घेतली. घेणारा शेतकरी होता, व्यापारी नव्हता, एवढंच समाधान.

आठवडाभरात त्याचा फोन आला. “सर, बैल लय गुणी हायत, पण जरा चालले की उभेच राहायलेत. दामटलं तरी हालंनात. वखरणी खोळंबली माझी. परत घ्या, न्हाईतर बाजार दाखवतो.”

परत कुठं घेणार? गोठा पाडून तिथं ड्रोनची खोली बांधायला घेतली होती. बाजारात असले अडेल बैल कोण घेणार, आणि घेतलेच तर कशासाठी, हे मला कळत होतं. जिवाला घोर लागला.

रजा टाकून ताडकळसला गेलो. जोडी वखराला जुंपलेलीच होती. बैल थोडं चालले, थांबले आणि कान टवकारून उभे राहिले. मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं आम्ही त्यांना हेच तर शिकवलं होतं! आखलेल्या पट्ट्यात ओढायचं आणि थांबायचं. मी ओढ मोजायच्या यंत्रावरचा आकडा टिपून “लिहिलं” म्हणालो, की पुढं निघायचं. हे मुंजाजीला सांगायचं कुणाला सुचलंच नाही, मलासुद्धा नाही. डोंबलाचा तज्ज्ञ मी!

“‘लिहिलं’ म्हणा,” मी त्याला सांगितलं.

तो म्हणाला. बैलांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि तसेच उभे राहिले.

“तुमचीच वाट बघायलेत, सर. आता तुमी काय रोज येताव?”

मी बांधावरच्या बाभळीआड जाऊन पाठ करून उभा राहिलो. क्षणभर वाटलं, त्याचं ऐकूच नये त्यांनी. लगेच स्वतःची लाज वाटली.

“लिहिलं!” मुंजाजी ओरडला. काहीच हाललं नाही. “लिहिलं!” मग ढेकळं फुटल्याचा आवाज आला. वखर निघाला, थांबला, पुन्हा आरोळी आली, पुन्हा निघाला.

“सर, चालले! ऱ्हाऊ द्या आता हितंच!”

मला बरं वाटत होतं, आणि रडूही येत होतं. बैल माझ्याशिवाय पार शेवटाला पोचले तरी माझा पाय बांधावरून निघत नव्हता.

“लिहिलं,” मी हळूच स्वतःला म्हणालो, आणि स्टँडच्या वाटेला लागलो.