इंग्रजीत ठेवलेलं

दोन हजार तीनच्या वैशाखात यजमानांना जाऊन वर्ष झालं. किराण्याचं दुकान मी दिवाळीतच समोरच्या पुंडलिकरावांना चालवायला दिलं होतं. वर्षश्राद्धासाठी धीरज, सून रीता आणि नात आचल पुण्याहून देवळीला आले, आणि जाताना ते मला सोबत नेतील असं मी मनात धरून बसले. तसं कोणी म्हटलं नव्हतं. पण पुंडलिकराव रोज दुकानातून हाक मारायचे, "काय सुलोचनाबाई, आता तुमी पुणेकर! आमाले इसरू नोका बरं."

"अजून कायचं!" म्हणून मी आत यायची. माझ्या साड्या, जपमाळ आणि देवघरातला बाळकृष्ण एका पिशवीत मावतात, हे मात्र मी पाहून ठेवलं होतं.

आचल पाचवीत गेली होती. शाळेनं सुट्टीचा अभ्यास दिला होता, इंग्रजीत पैशाबद्दल कसं कसं बोलतात ते लिहायचं आणि शेजारी चित्र काढायचं. ओसरीत पालथी पडून ती लिहायची, मी वाती वळत बसायची.

"दादी, ऐक. आर्म अँड अ लेग. म्हणजे एक हात आणि एक पाय."

"कोनाचा?"

"कोणाचा पण! वस्तू खूप महाग असली ना, की म्हणायचं, ती घ्यायला एक हात आणि एक पाय द्यावा लागला."

"बाई गं! अन् मंग ते वस्तू घरी न्याची कशी? लंगडत?"

ती इतकी हसली की पेन्सिल घरंगळत अंगणात गेली. चित्रात तिनं एक माणूस काढला, स्वतःचा हात तराजूत ठेवणारा. दुकानदाराच्या डोक्यावर काळी टोपी होती.

"हे दादाजी काय गं तुहे?"

"हो. पण ते हसताहेत, बघ. ते हात परत देणार आहेत."

मी वात वळत राहिले. पोरीला आजोबा बरोबर कळले होते.

मग पट्टा आला. टाइटन द बेल्ट म्हणजे कमरेचा पट्टा आवळायचा, खर्च कमी करायचा. "मी त साडीवाली, माह्या कमरेले पट्टा कुठला?" म्हटलं तर तिनं मला साडीवर पट्टा बांधलेली काढली. मी तिला सांगितलं, आपल्या घरात असं काही बोलत नाहीत. तांदूळ संपले तरी तांदूळ वाढले म्हणायचं. रात्री दुकान वाढवलं म्हणायचं. गल्ला रिकामा आहे हा शब्द तुझ्या दादाजींनी कोणाला काढू दिला नाही.

"मग पैसे नसले की तू त्यांना कसं सांगायचीस?"

"सांगतच नोती."

"मग त्यांना कळायचं कसं?"

"समजत जाय त्याईले."

तिला ते पटलं नाही. तिनं वही पुढे ओढली.

श्राद्धाच्या दिवशी ब्राह्मण जेवून गेले, सगळ्यांची पानं झाली. मी एकभुक्त, सगळं आवरल्यावर बसते. आत दह्यावर झाकण ठेवत होते, तर बाहेरच्या खोलीत कूलरसमोर रीता हळूच म्हणाली, "मम्मीजींचं काय करायचं, ते बोलायला हवं आज."

माझा हात थांबला. ह्याच वाक्यासाठी मी वर्षभर कान लावून होते.

धीरज इंग्रजीत बोलू लागला. वाहत्या पाण्यासारखं ते कानावरून जात होतं, हाती काही लागत नव्हतं. मध्येच बेडरूम ऐकू आलं, मग लोन, आणि त्याच्या मागोमाग आर्म अँड अ लेग. रीता काही म्हणाली, त्यात बेल्ट होता. धीरजनं उसासा टाकला.

राग नाही आला. तो त्याच्या बापाचाच मुलगा. पैसा पुरत नाही, हे घरच्या भाषेत बोलायचं नाही असं आम्हीच त्याला शिकवलेलं. म्हणून त्यानं ते इंग्रजीत ठेवलं होतं. त्याच्याच लेकीनं ते मला चित्रं काढून समजावलं, त्याला तो तरी काय करणार.

मी पान वाढून घेतलं. श्राद्धाचं अन्न टाकू नये म्हणून सगळं संपवलं.

संध्याकाळी चहाला बसलो. धीरज कप नुसता फिरवत होता.

"आई, आमी विचार करून राह्यलो का तू..."

"धीरज, तुले एक सांगाचं राह्यलं," मी मध्येच म्हटलं. "तुह्या बाबूजीच्या नावानं मी नेम बोलली. आपल्या महादेवाले रोज सकाळी पाणी. आता गाव सोडून राह्यता येत नाई."

"कधी बोलली? मले सांगतलं नाई."

"सारं सांगूनच कराव काय रे?"

"मम्मीजी, आमच्या सोसायटीजवळही महादेवाचं देऊळ आहे," रीता म्हणाली. "तिथे नाही का चालणार?"

तिनं ते मनापासून म्हटलं. मी धीरजकडे पाहिलं. तो रीताकडे पाहत होता.

"देव त तोच आहे, बेटा. पण बोलली याच्यापाशी."

धीरजनं कप उचलला आणि एका दमात चहा संपवला. "बरं," तो म्हणाला. "नेमच आहे त काय बोलाव. तब्येतीले जपजो."

आचल मात्र फुगून बसली. "म्हणजे दादी, तू कधीच येणार नाहीस?"

"तू येजो नं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांना घेऊन जीप वर्ध्याच्या रस्त्याला लागली. पुंडलिकरावांनी दुकानातून विचारलं, "काऊन, तुमी नाई गेल्या?" मी हसून मान हलवली. देवाच्या नावानं खोटं बोलून देवघरात दिवा लावणं मला झेपणारं नव्हतं. तांब्या भरून घेतला आणि तशीच देवळात गेले.

पुजारी सदाशिवराव नुकतेच गाभारा धुऊन बसले होते. संकल्प सोडायचा म्हटल्यावर त्यांनी माझ्या तळहातावर पाणी घातलं, यजमानांचं नाव विचारलं, गोत्र विचारलं.

"किती दिवसांचा म्हणू बाई? सव्वा महिना? वर्ष?"

धीरज बोलावेल तोवर, असं ओठांवर आलं होतं. पण दुसऱ्याच्या हातातली मुदत संकल्पात घालता येत नाही. सदाशिवराव वाट पाहत होते. पाणी बोटांच्या फटींतून ठिबकायला लागलं.

"जलमभर म्हना," मी म्हटलं आणि उरलेलं पाणी सोडलं.