नॅपकीन लावलेला असताना

शकू गेल्याचं मला सगळ्यांत शेवटी कळलं. वरसे गावातल्या आमच्या गल्लीला आधी कळलं, मासळीवाल्या हौसाला कळलं, आणि मी खोलीचं दार उघडून हसत बाहेर आलो तेव्हा ही सगळी मंडळी माझ्या पडवीत गप उभी होती.

हसत आलो, कारण मी ज्यांच्याशी बोलत होतो ते त्या दिवशी पहिल्यांदा हसले होते. कोण होते ते सांगता येत नाही. माझं काम तसं आहे. धाटावच्या एका कंपनीत कामगार कल्याणच्या टेबलावर होतो. ती नोकरी संपल्यावर समुपदेशनाचा कोर्स केला आणि घरून फोनवर काम करायला लागलो. संस्थेचं ऑफिस पेणला, बोलणारी माणसं राज्यभर, आणि मी रोह्याच्या बाजूला वरशाला, पडवीलगतच्या खोलीत हेडफोन लावून. मला गोड बोलता येत नाही. म्हणून ऐकायच्या कामाला लागलो.

माझ्या बायकोला, शकूला, आधी हे काम वाटतच नव्हतं. "तुम्ही नुसतं हं हं करता आणि त्याचा पगार मिळतो?" ती म्हणाली. "मी तुमच्यासमोर इतकी वर्षं फुकट केलं."

पण एकदा पटल्यावर तिनं ते काम ताब्यात घेतलं. मी खोलीत गेलो की ती बाहेरून कडीला हिरव्या चौकड्यांचा नॅपकीन अडकवायची. नॅपकीन असताना दार वाजवायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, कुकर तर नाहीच. हौसानं गल्लीच्या तोंडाशीच काय ती आरोळी मारून घ्यायची, आमच्या दारात टोपली उतरवायची आणि भाव बोटांनी सांगायचा. शकूही बोटांनीच घासाघीस करायची. हौसा म्हणते, तोंडानं भाव केला असता तर मी कधी हरले नसते, बोटांनी मात्र कायम हरले.

एकदा शकूचा भाऊ काळुराम गडबहून आला आणि नॅपकीन असताना त्यानं कडी वाजवली. शकूनं त्याला हाताला धरून रस्त्यापर्यंत नेला आणि तिथं उभा करून झापला, तेही हळू आवाजात. काळुराम म्हणतो, हळू आवाजातलं जास्त लागतं.

त्या दिवशी सकाळी तिनं नॅपकीन लावला आणि पेणची एसटी धरून गडबला गेली. काळुरामच्या शेतात वालाच्या शेंगा भरल्या होत्या. संध्याकाळी मी पोचलो की मडक्यात शेंगा आणि अंडी भरून, पेटवून, पोपटी करायची असं ठरलं होतं. शेंगा काढता काढता ती बांधावर बसली आणि परत उठली नाही. काळुरामनं मला फोन केले. माझे कॉल संस्थेच्या फोनवर होतात, तेव्हा माझा स्वतःचा फोन बंद असतो. मग त्यानं माझ्या शेजारच्या एझ्राला कळवलं आणि घरच्यांना तिच्यापाशी ठेवून मोटरसायकलवर स्वतः निघाला. तो येईपर्यंत पडवी भरली होती. तरी कोणी दार वाजवलं नव्हतं.

पुढचे तेरा दिवस घरात माणसं होती आणि सगळी बोलत होती. मला काही बोलावं लागलं नाही. तेरावं झालं, माणसं गेली, आणि घर इतकं गप झालं की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकायचो. मला माझे कॉल परत हवे होते. कारण सरळ होतं. दुसऱ्याचं ऐकत असलो की घर ऐकू येत नाही.

कॉल परत देणं सुरभीच्या हातात होतं. सुरभी म्हणजे पेणच्या ऑफिसातली माझी सुपरवायझर. वयानं माझ्या मुलीसारखी, आणि सुरुवातीची दोन वर्षं तिला काम मीच शिकवलं होतं. तिनं व्हिडिओ कॉल लावला.

"कसे आहात, सर?"

"तुम्हाला माझी काळजी वाटतेय असं दिसतंय," मी म्हणालो.

"सर, हे माझ्यावर नका करू. हे मी तुमच्याकडूनच शिकलेय."

"तुम्हाला थोडा रागही आलाय का?"

"आता येतोय," ती म्हणाली. मग कॅमेऱ्याच्या जवळ आली. "सर, त्या दिवसाबद्दल तुम्ही कोणाशी बोललात?"

"सगळ्यांना माहीतच आहे. सांगायचं कोणाला?"

"ते तुम्ही ठरवा. मला सांगा, शेजाऱ्याला सांगा, कोणालाही. सांगून झालं की मला कळवा. त्याशिवाय मी कॉल देणार नाही. तुम्ही माझ्या जागी असतात तर दिले असते का?"

दिले नसते. म्हणून मी विषय बदलला आणि एझ्राचं सांगितलं.

एझ्रा आमच्याकडच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू मंडळींपैकी. त्यांची बरीच घरं इस्रायलला गेली, जी थोडी उरली त्यातलं हे एक. त्याची बायको हन्ना लेकीच्या बाळंतपणाला तिकडे गेली आहे आणि नातू धावायला लागला तरी आलेली नाही. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एझ्रा स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन माझ्या पडवीत आला. बसला. काही बोलला नाही.

मीही बोललो नाही. समोरचा माणूस गप असेल तर आपण घाई करायची नाही, त्याचं त्याला सुरू करू द्यायचं, हा आमच्या कामातला पहिला धडा. मी मान हलवली. त्यानं मान हलवली. मी चहा केला. तो एक घोट पिऊन कपाकडे बराच वेळ बघत राहिला, पण चहा कसा झालाय तेही बोलला नाही. मग त्यानं खिशातून दोन उकडलेली अंडी काढली, एक मला दिलं, एक स्वतः सोललं, आणि दिवे लागायच्या सुमाराला खुर्ची उचलून घरी गेला.

असं रोज. रोज खुर्ची, रोज अंडी. मी मनात नोंद घेत होतो. एकटा राहतो. स्वयंपाक अंड्यांच्या पुढे जात नाही. बोलायचं आहे पण सुरुवात सापडत नाही. कधी तोंड उघडायचा, मी सरसावून बसायचो, आणि तो जांभई द्यायचा.

गल्लीला मजा वाटायला लागली. हौसा टोपली उतरवून पायरीवर बसायची आणि एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायची.

"दोघं गळ टाकून बसल्यासारखे बसलाय," एके दिवशी ती म्हणाली. "यातला मासा कोण हाय ते तरी सांगा."

आम्ही दोघांनीही तिला बोट ओठांवर ठेवून गप केलं.

"नॅपकीन तरी लावा मग," ती म्हणाली आणि लगेच टोपली उचलून निघून गेली. तिला ते बोलायचं नव्हतं, तोंडातून निघालं.

हे सगळं, हौसाचं सोडून, मी सुरभीला सांगितलं. "माणूस तयार होतोय," मी म्हणालो. "अजून आठवडाभरात बोलेल. त्याच्याकडे लक्ष द्यायला पाहिजे."

सुरभी थोडा वेळ काही बोलली नाही. मी शिकवलेलंच ते.

"सर, तुम्हीच आधी बोलून बघा."

"आपण आधी बोलायचं नसतं."

"आज बोला. सुपरवायझर म्हणून सांगतेय."

त्या दुपारी एझ्रा आला, बसला, अंडी काढली. मी म्हणालो, "एझ्रा, तुला काय त्रास होतोय?"

त्यानं अंडं गुडघ्यावर ठेवलं. "मला?"

"हो. तू रोज येतोस. बोलत नाहीस. हन्नाची आठवण येते का?"

"हन्ना रोज सकाळी व्हिडिओवर तासभर ओरडते. आठवण यायला जागा नाय ठेवत." तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत होता. "अरे सखा, मी तुझ्यासाठी येतोय. आमच्यात दुःखाच्या घरी बसायला जातात तेव्हा ज्याचं माणूस गेलंय तो बोलेपर्यंत आलेल्यानं बोलायचं नाय. तू बोलशील म्हणून बसलोय."

"मी? मी तुझी वाट बघतोय."

"ते आता कळलं मला. पाठ मोडली माझी त्या खुर्चीत."

"असं किती दिवस बसतात तुमच्यात?"

"सात. तुमची गर्दी होती तेव्हा बसायला जागा नव्हती, म्हणून मी तेराव्यानंतर धरले. सात दिवसांत माणूस बोलतोच. तू आठव्या दिवशीपण नाय बोललास. पुढं काय करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून येत राहिलो."

"आणि अंडी?"

"दुःखाच्या घरात अंडं देतात. गोल असतं म्हणून."

"गोल असतं म्हणजे काय?"

"ते हन्नाला माहीत. मला नुसतं उकडता येतं."

मला हसू आलं. शकू गेल्यानंतर पहिल्यांदाच आलं असावं. आणि त्याच हसण्यात मला आठवलं, की त्या दिवशीही मी असाच हसत बाहेर आलो होतो. मग माझं मीच बोलायला लागलो. म्हणालो, "एझ्रा, मी आत होतो तेव्हा बाहेर काय झालं ते मला कोणी सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही."

त्यानं सांगितलं. माणसं जमत गेली आणि प्रत्येक जण नॅपकीनकडे बघून उभा राहिला. शकूच्या शेजारच्या मैत्रिणीनं येता येता स्वतःच्या घरातला चालू मिक्सर बंद केला. गल्लीतला कुत्रा भुंकायला लागला तर हौसानं टोपलीतली मूठभर मांदेली त्याच्यापुढे टाकली. तोपर्यंत तिनं एक मांदेली कधी फुकट दिली नव्हती. मग काळुराम आला.

"मी म्हटलं, आता बस झालं, मी वाजवतो कडी," एझ्रा म्हणाला. "हात वर केला. काळुरामनं माझा हात धरला. म्हणाला, नको, ताई ओरडेल."

आम्ही दोघं गप बसलो. हे गप बसणं कोणाच्याच नियमातलं नव्हतं.

"ओरडेल म्हणाला आणि मग त्याचं त्यालाच कळलं," एझ्रा म्हणाला. "खाली बसला तिथंच. तरी आवाज नाय केला. आतमध्ये तू कोणाला तरी हसवत होतास."

मी त्याला सांगितलं, की तेवढ्या वेळात तुम्हा सगळ्यांसाठी ती गेली होती आणि माझ्यासाठी गडबला शेंगा काढत होती. तुमच्यापेक्षा मला ती थोडी जास्त मिळाली. तिनंच लावलेल्या नॅपकीनमुळे मिळाली. हे सांगताना मला रडू आलं, आणि बराच वेळ आलं. माझं झाल्यावर एझ्रानं माझ्या हातातलं अंडं घेतलं, सोललं आणि परत दिलं.

"मीठ विसरलो," तो म्हणाला.

"रोजच विसरतोस."

"मग सांगायचं ना रे."

"आपण आधी बोलायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी सुरभीला कळवलं. तिनं कोणाशी बोललो, काय बोललो ते विचारलं नाही. एवढंच विचारलं, "त्या माणसाचं काय झालं? तुमच्या शेजाऱ्याचं?"

"त्याला काही त्रास नव्हता."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि सोमवारचा एक कॉल माझ्या नावावर टाकला. ज्यांच्याशी त्या दिवशी बोलत होतो, त्यांचाच. ते म्हणे रोज विचारत होते, काका कधी येणार.

काळुरामनं शेंगा आणून दिल्या. शेतातच उरलेल्या, थोड्या जून झालेल्या. पोपटी करूया का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, कर, पण मला अंडी नकोत.

खोली झाडली. हेडफोन पुसला. मग नॅपकीनचा प्रश्न आला. एझ्रा म्हणतो मी लावतो, पण त्याला दुपारी झोप लागते आणि तो काढायचा विसरेल. हौसा म्हणते मी लावते, पण मग त्याला बोंबलाचा वास येईल, असं तीच म्हणते. काळुराम गडबहून यायला तयार आहे. मी माझा मला लावून आत जाऊ शकतो, कडी हाताशीच आहे. काल संध्याकाळी लावून बघितला आणि परत काढला.

सोमवारी सकाळी कॉल आहे. शकूनं लावलेला नॅपकीन अजून धुतलेला नाही, आणि तो आता कोण लावणार तेही ठरलेलं नाही.