हाललेला फोटो

कापूस वेचून आला की आमच्या अमडापूरच्या घरातला उजेड बदलायचा. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत पांढरीशुभ्र रास असायची. दारातून आलेले मार्गशीर्षातले कोवळे ऊन तिच्यावर पडायचे आणि तिथून परतून माणसांच्या चेहऱ्यांवर इतके हळुवार उतरायचे, की रोजची माणसेही क्षणभर अनोळखी, सुंदर वाटावीत. त्या उजेडात मी लहानाचा मोठा झालो. पाहिला मात्र तो सुजाताने, माझ्या मामेबहिणीने.

तिच्या हाती पहिला कॅमेरा दिला तो मीच. गावात माझा फोटो स्टुडिओ; मागे धबधब्याचा पडदा, समोर दोन दिवे आणि माझ्या तोंडी एकच मंत्र, "हालू नका." सुजाता कुणालाच असे थांबवत नसे. मान किंचित कलती, डावा डोळा मिटलेला, श्वास रोखलेला. समोरचे माणूस स्वतःला विसरेपर्यंत ती नुसती वाट पाहायची. आता ती मुंबईत फॅशनचे फोटो काढते, मोठमोठ्या मासिकांसाठी. पांढऱ्या कापडांच्या ढिगाशेजारी मॉडेलांना उभे करते. "हा माझ्या आत्याच्या घरातला उजेड," असे तिने एका मुलाखतीत सांगितले, तेव्हा मी भर दुपारी स्टुडिओचे शटर खाली ओढून बसलो. घर माझे, कापूस माझा, आत्या म्हणजे माझी आई. नाव मात्र तिचे. जळफळाट झाला माझा, उगाच दुसरा शब्द कशाला शोधू?

मुंबईला जाण्याआधीच्या हिवाळ्यात तिने आईला त्या राशीशेजारी उभे केले होते. मीही तिथेच होतो. आईचा हात सवयीने पदराकडे गेला.

"आत्या, राहू दे ना पदर."

"काऊन वं? मंग का उघड्या डोक्यानं उभी राहू?" म्हणत आई खुदकन हसली, आणि तेवढ्यात सुजाताने फोटो काढला.

हात अस्पष्ट, पदर अर्धवट, केसांत कापसाचा तंतू. "आई हालली, वाया गेला," म्हणून मी तो फोटो केरात टाकला. सुजाताने तो उचलला आणि आईला दिला.

गेल्या वर्षी आई गेली. हार घालायला फोटो शोधू लागलो, तर मी काढलेल्या प्रत्येक फोटोत ती ओळखपत्रावरच्यासारखी ताठ, दचकलेली. तिच्या ट्रंकेतून तो हाललेला फोटो निघाला, आणि त्यात आई होती. तोच आता स्टुडिओत लावला आहे. कुणी काढला, असे गिऱ्हाइके विचारतात. मी सांगतो, मीच.

परवा सुजाता आली. ती फोटोसमोर उभी असतानाच एका बाईने विचारले, "भाऊ, हा कोनं काढला हो?"

मी टेबलावरची फोटोंची पाकिटे सारखी करू लागलो. सुजाताची मान तशीच, किंचित कलती झाली.

"दादानंच काढला," ती म्हणाली.

त्या क्षणी तिचा जितका हेवा वाटला, तितका तिच्या नावलौकिकाचाही कधी वाटला नव्हता. देतानाही तीच मोठी ठरली. ती गेल्यावर मी फोटोसमोर उभा राहिलो. घरात आता कापूस भरत नाही, तो उजेड नाही, आई नाही. काळाने सगळे नेले आणि एक नजर तेवढी मागे ठेवली. आई हसून कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे पाहते आहे, आणि ते माणूस मी नाही.