सुई काय गोळी

बाबांचं हृदय पंचवीस टक्के चालतं. आमच्या घरात बाकी कोणी त्याहून जास्त चालतं असं नाही; पण बाबांचं मशीनवर मोजलंय. तीस वर्षं ट्रॉलर हाकलेला माणूस आता तीन उशांना टेकून बसल्याबसल्या झोपतो. पाणी मोजून, मीठ जवळजवळ नाही, दिवसाला नऊ गोळ्या. त्यातली पायांतलं पाणी उतरवणारी सर्वांत महत्त्वाची, आणि बाबांच्या मते सर्वांत निर्लज्ज, कारण ती दर अर्ध्या तासाने लघवीला उठवते.

तळेऱ्याला शर्मिला मॅडम ॲक्युपंक्चर करतात, काजूच्या दुकानाच्या वर. आमच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "हरकत नाही. दम, झोप थोडी सुधारली तर सुधारली. पण माझ्या गोळ्या चालूच." शर्मिला मॅडमही तेच म्हणाल्या, दोनदा.

बाबा म्हणाले, "आधी देवाक इचारुया."

म्हणून देवळात कौल लावला. सत्यवान गुरवांनी पाषाणाच्या दोन बाजूंना कळ्या लावल्या आणि विचारलं, "देवा म्हाराजा, भिकाजीक सुई काय गोळी? सुई असात तर उजवी दी." उजवी पडली. मी तेव्हा देवळाबाहेर बाबांसाठी खुर्ची शोधत होतो. प्रश्न चुकलाय हे मला कळलंच नाही. देवालाही कळलं नसावं.

पहिल्या दिवशी मनगटाला, पायांना मिळून अकरा सुया. बाबा पेडव्या मासळीसारखे काटेरी दिसत होते. परतीच्या रिक्षात ते वाघोटणपर्यंत घोरले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सुटलो.

सहाव्या दिवशी वजनकाट्यावर तीन किलो जास्त. पाय दाबला तर बोट रुतून खळगा पडे. गोळ्या सापडल्या सुक्या बांगड्याच्या डब्यात. बंदी असलेली वस्तू आणि सक्तीची वस्तू, दोन्ही एकाच जागी सुखाने नांदत होत्या.

"बाबा, ह्या काय?"

"देवान सुई सांगल्यान. गोळी खंय सांगल्यान?"

डॉक्टर फोनवर म्हणाले, "गोळी लगेच द्या. आज घेतली नाही तर ॲडमिट करायला आणा." शर्मिला मॅडम म्हणाल्या, "गोळ्या सुरू केल्याशिवाय मी सुई लावणार नाही." बाबांनी फोन हातात घेतला. "बाय माझे, तू देवापरास मोठी?" इतकं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.

मी धावत गुरवांकडे गेलो. "परत कौल लावा."

"एकाच गोष्टीचो कौल दोनदा? देव काय कस्टमर केअर आसा?"

"बाबा मरतले हो."

गुरवांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "कौल नाय. गाऱ्हाणा घालतंय. गाऱ्हाण्याक बंदी नाय."

बाबांना देवळाच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून गाऱ्हाणं आमच्या दारापुढच्या खळ्यातच घातलं. नारळ ठेवला. शेजारी जमले. आई मागे उभी होती, मूठ मिटून.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"ह्या भिकाजीक तू सुई सांगलंस, तेका नीज इली!"

"व्हय म्हाराजा!" बाबासुद्धा. दम नव्हता, पण जन्माची सवय.

"पायात पाणी भरलासा, ता उतरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि सुयेच्या जोडीक आजपासून गोळीय तो घेतलो, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबांचा आवाज सर्वांत वर होता.

बाबांनी गुरवांकडे पाहिलं, मग नारळाकडे. देवासमोर होकार देऊन झाला होता. आईने मूठ उघडली. गोळी तळहातावर घामाने चिकटलेली होती.

"पाणी?" बाबा म्हणाले.

"दोन घोट," आई म्हणाली.

गिळली. मग माझ्याकडे बोट केलं. "गुरवाक तू शिकवलंस."

"नाय हो."

दुपारपर्यंत ते आठ वेळा उठले. दर वेळी दंडाला धरून मीच. वीस पावलं जाऊन, वीस पावलं येऊन. आई डॉक्टरांना फोनवर कळवत होती. आठव्या वेळी बाबा मोरीच्या दारात थांबले. धाप मघापेक्षा कमी होती. माझ्याकडे बघून म्हणाले, "दमलंस रे?"

खोटं बोलायचंही त्राण नव्हतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.